शस्त्रकर्मापूर्वीचे सहा आठवडे

कामावर गुडघा दुखावलेला कामगार आणि त्याची शस्त्रक्रिया यांच्यामध्ये बहुधा काही आठवड्यांचा काळ जातो. एमआरआय काढायचा असतो, विम्याचे कागद जमवायचे असतात, पैशांची तजवीज करायची असते आणि शस्त्रवैद्याची तारीख मिळायची असते. नेमक्या याच काळात तो आपल्या चिकित्सालयाची किंवा औषधालयाची पायरी चढतो. तेल मागतो, लेप मागतो आणि जाता जाता हळूच विचारतो, ‘‘डॉक्टर, ऑपरेशन टळेल का हो?’’ या प्रश्नाला आपल्यापैकी अनेकजण उत्साहाने ‘होय’ म्हणतात, काहीजण ‘नाही’ म्हणून हात झटकतात. पण तारीख येईपर्यंतचे दिवस त्याने कसे घालवावेत, हे त्याला सांगणारे फार थोडे. या विषयाची आपल्या व्यवसायात पुरेशी चर्चा झालेली नाही, असे आम्हास वाटते.

आमचे मत प्रारंभीच स्पष्ट मांडतो. तातडीच्या शस्त्रकर्माची गरज नसलेल्या गुडघ्याच्या इजेत हा मधला काळ विश्रांतीचा नसून पूर्वकर्माचा आहे. या पूर्वकर्मात व्यायाम हे प्रधान अंग आहे. तेल, स्वेद आणि औषध ही त्याची सहायक अंगे आहेत. हा क्रम आपण उलटा लावतो आणि त्याची किंमत रुग्णाचा रोजगार मोजतो.

नेहमीचे चित्र

बाजार समितीच्या आवारातील हमालाचे उदाहरण घेऊ. पाठीवर पन्नास किलोचे पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय निसटतो, पंजा जागीच राहतो आणि शरीर वळते. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो व काही तासांतच गुडघा सुजतो. पुढे तपासणीत गुडघ्यातील पुढचे लिगामेंट तुटल्याचे निदान होते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी दीड महिन्याने येण्यास सांगितले जाते. पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत लांब पट्टा बांधला जातो. घरचे लोक पायाखाली उशी देतात, शेजारी ‘अजिबात हलू नकोस’ असे बजावतात. रुग्णाच्या मनात एकच भीती असते: पाय हलवला तर उरलेली शीरही तुटेल.

दीड महिन्यानंतर त्याच्याकडे पाहावे. सूज उतरलेली असते, वेदनाही पुष्कळ कमी झालेली असते. पण उशीवर वाकवून ठेवलेला गुडघा आता पूर्ण सरळ होत नाही, आणि मांडीचा पुढचा भाग डोळ्यांना दिसेल इतका आटलेला असतो. गुडघ्यात सूज व वेदना असताना मांडीच्या पुढच्या पेशीला मिळणारी चेतना आपोआप मंदावते. रुग्णाने ठरवूनही ती पूर्ण आवळली जात नाही, आणि वापर थांबल्याने ती झपाट्याने क्षीण होते. म्हणजे अपघाताने एक स्नायू तुटला, आणि विश्रांतीने त्या सांध्याचा मुख्य आधारच खचला.

येथे शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आजच्या बोलीत स्नायू म्हणजे मांसपेशी. सुश्रुतांच्या शारीरस्थानात मात्र स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी बंधने. फळ्या नीट बांधलेल्या असल्या तरच नाव माणसांचा भार सोसते, हा त्यांनी दिलेला दृष्टांत आपण सर्वांनी अभ्यासला आहे. गुडघ्यातील लिगामेंट हे असेच बंधन होय. ते तुटल्यावर सांध्याला सावरणारे जे उरते, ते भोवतीच्या पेशींचे बळ. तेच आपण दीड महिना अंथरुणात घालवू दिले, तर शस्त्रवैद्याने कितीही कौशल्याने नवे बंधन बसवले तरी ते एका दुर्बल पायात बसवले जाते.

आधुनिक अनुभव काय सांगतो

गेल्या तीन दशकांत या विषयावर पाश्चात्त्य देशांत बरेच काम झाले आहे आणि ते आपण डोळसपणे वाचले पाहिजे. १९९१ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की इजेनंतर लगेच लिगामेंटची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांत गुडघा आखडण्याचे प्रमाण अधिक होते. किमान तीन आठवडे थांबून केलेल्यांत ते कमी होते. तेव्हापासून सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावरच शस्त्रकर्म करावे, हा विचार रूढ होत गेला. २००९ साली नॉर्वेतील संशोधकांनी दाखवले, की शस्त्रक्रियेपूर्वी दुखऱ्या पायाच्या मांडीचे बळ निरोगी पायापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर दोन वर्षांनंतरही त्या पायाचे कार्य मागे राहते. पुढच्याच वर्षी त्याच गटाने पाच आठवड्यांचा चढत्या क्रमाचा व्यायाम इजेनंतरच्या काळात रुग्णांना सोसतो आणि लाभतो, असे मांडले.

२०१० साली प्रसिद्ध झालेली स्वीडनमधील चाचणी याहून विचार करायला लावणारी आहे. लिगामेंट तुटलेल्या १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास व्यायामासह लवकर शस्त्रक्रिया दिली. दुसऱ्यास आधी व्यायाम आणि पुढे गरज भासल्यास शस्त्रक्रिया, असा मार्ग दिला. दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली. पाच वर्षांअखेर ही संख्या ३० झाली. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या त्रासात व कार्यक्षमतेत दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही.

चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्या, झिजलेल्या गुडघ्यात मेनिस्कसची गादी फाटलेल्या रुग्णांविषयी २०१३ साली अमेरिकेत ३५१ जणांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेचा गट आणि व्यायामोपचाराचा गट यांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय अंतर नव्हते. मात्र व्यायामाच्या गटातील सुमारे तीस टक्के रुग्ण तोपर्यंत शस्त्रक्रियेकडे वळले होते.

या आकड्यांतून दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. ‘पाहा, शस्त्रक्रिया अनावश्यक आहे’ हा पहिला. ज्या चाचणीत पाच वर्षांत निम्म्या रुग्णांना अखेर शस्त्रक्रिया लागली, ती चाचणी दाखवून सर्वांना शस्त्रक्रिया टाळण्याचे आश्वासन देणे ही दिशाभूल होय. ‘शेवटी शस्त्रक्रिया करायचीच, मग आधी व्यायाम कशाला’ हा दुसरा. आधी व्यायाम केलेल्या रुग्णाचे दोन्हीकडून हित होते. शस्त्रक्रिया टळली तर उत्तमच. लागलीच, तर तो बळकट पाय घेऊन टेबलावर जातो. आणि तेथील व्यायाम म्हणजे कागदावर लिहून दिलेली चार चित्रे नव्हती. जाणकाराच्या देखरेखीखाली, मोजून, आठवड्या-आठवड्याला वाढवलेला तो उपचार होता, हेही विसरू नये.

आपल्या शास्त्राचा आधार

शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग सुश्रुतांनी सूत्रस्थानातच सांगितले आहेत. पंचकर्माच्या बाबतीत पूर्वकर्माचे महत्त्व आपणास कोणी पटवून द्यावे लागत नाही. स्नेहन-स्वेदनाशिवाय वमन-विरेचन देणाऱ्या वैद्यास आपण वैद्य म्हणणार नाही. पण रुग्ण दुसऱ्याच्या शस्त्राखाली जाणार असला, की त्याचे पूर्वकर्म आपले नव्हे असे आपण गृहीत धरतो.

भग्नचिकित्सेच्या अध्यायात हाताच्या तळव्याच्या भग्नाविषयी जे सांगितले आहे, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. रुग्णाच्या हातात आधी मऊ, हलका गोळा धरावयास द्यावा, मग त्याहून जड, आणि हातात बळ आल्यावर पाषाण. चढत्या भाराचा व्यायाम म्हणून आज जे शिकवले जाते, त्याचे तत्त्व यात संपूर्ण आले आहे: हलक्यापासून प्रारंभ, क्रमाने वाढ, आणि पुढची पायरी दिवस मोजून न ठरवता बळ पाहून ठरवणे. ही योजना पश्चात्कर्मातील आहे, हे आम्ही जाणतो. तेच तत्त्व शस्त्रकर्मापूर्वी वापरण्यास शास्त्राची आडकाठी नाही, एवढेच आमचे म्हणणे.

चरकांनी विमानस्थानात दशविध परीक्षेमध्ये व्यायामशक्ती ही स्वतंत्र परीक्षा सांगितली आणि ती कर्मशक्तीवरून ओळखावी, असेही सांगून ठेवले. कष्टकरी रुग्णास ही परीक्षा किती चपखल लागू पडते! हमालाची व्यायामशक्ती म्हणजे तो किती पोती, किती पायऱ्या, किती वेळ वाहू शकत होता. आपल्या केसपेपरवर नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांच्या नोंदी असतात. ‘खुर्चीवरून हाताचा आधार न घेता किती वेळा उठतो’ ही नोंद क्वचितच असते.

येथे एक आक्षेप येतो. व्यायाम कोणास वर्ज्य, हे सांगताना सुश्रुतांनी क्षतयुक्त रुग्णाचाही उल्लेख केला आहे. मग इजा झालेल्यास व्यायाम कसा द्यावा? आक्षेप प्रामाणिक आहे. आमचे उत्तर असे, की तो निषेध स्वस्थवृत्तातील व्यायामाचा, म्हणजे सर्वांगास आयास देणाऱ्या दंड-बैठका, कुस्ती आदींचा आहे. ताज्या इजेत, सांधा सुजलेला, उष्ण व वेदनायुक्त असताना असा आयास वर्ज्यच. परंतु शोथ उतरल्यावर, एका अंगाच्या पेशींना मोजून दिलेली चेष्टा ही चिकित्सा आहे. शिवाय व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे बंधन आपल्या शास्त्राने निरोग्यासही घातले आहे. रुग्णाच्या बाबतीत त्या अर्ध्याचेही मोजमाप आपण ठेवले, म्हणजे झाले.

स्नेह-स्वेदाविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. शुष्क लाकूडदेखील स्नेहाने व स्वेदाने वाकवता येते, मग जिवंत शरीराची काय कथा, हा चरकांचा आशय आपण रुग्णांना नेहमी ऐकवतो. पण नमवलेले लाकूड तसेच सोडले तर ते पुन्हा ताठ होते. अभ्यंग आणि नाडीस्वेदानंतर सांधा मोकळा होतो, तो काळ अल्प असतो. त्या वेळात रुग्णाकडून गुडघा सरळ करून घेतला, मांडी आवळून घेतली, तर मिळालेली मोकळीक टिकते. तसे न करता त्यास चादर पांघरून झोपवले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथूनच आरंभ करावा लागतो.

प्रत्यक्षात काय करावे

पहिली गोष्ट, कोणास थांबवू नये हे ओळखणे. गुडघा अडकून बसला आहे व मुळीच सरळ होत नाही. पाऊल थंड, फिके किंवा बधिर झाले आहे. अस्थिभग्नाची शंका आहे. पडल्यानंतर रुग्णास सरळ पाय उचलताच येत नाही. सांधा लाल, उष्ण असून ज्वर आहे. पोटरी अचानक सुजून दुखते आहे, अशा रुग्णास तेल, लेप आणि व्यायाम देत बसणे हा अपराध होय. त्यास त्याच दिवशी योग्य ठिकाणी पाठवावे. तरुण रुग्णाची शिवण्याजोगी फाटलेली गादी हीदेखील दिरंगाईने बिघडते. तेथे शस्त्रवैद्याने दिलेली तारीख पुढे ढकलण्याचा सल्ला आपण देऊ नये.

दुसरी गोष्ट मोजमापाची. दोन्ही गुडघे सरळ होतात का, किती वाकतात. जानुफलकाच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर किती. दुखऱ्या पायावर किती सेकंद उभे राहता येते. फितीने व घड्याळाने या नोंदी पाच मिनिटांत होतात. दर आठवड्यास त्या पुन्हा घ्याव्यात. आकडा वाढलेला पाहून रुग्णास जो धीर येतो, तो आपल्या शब्दांनी येत नाही.

तिसरी गोष्ट व्यायामाचा क्रम. पहिले काही दिवस टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा आपल्या भाराने सरळ होऊ द्यावा; गुडघ्याखालची उशी मात्र काढून टाकावी. मग गुडघा खाली दाबत मांडी आवळणे, टाच सरकवत पाय वाकवणे, सरळ पाय उचलणे. सूज ओसरल्यावर खुर्चीवरून उठ-बस, भिंतीच्या आधाराने अर्धी बैठक, एका पायावर तोल, स्थिर सायकल. निरोगी पायाचा, कमरेचा व श्वासाचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. मात्रेची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा वेदना आदल्या दिवसापेक्षा वाढलेली असेल, तर मात्रा अधिक झाली, ती कमी करावी. वळणे, उड्या मारणे आणि भार घेऊन जिना चढणे या काळात वर्ज्य.

हा क्रम आम्ही येथे दिग्दर्शनापुरता दिला आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील किंवा तालुक्यातील फिजिओथेरपिस्टशी परिचय करून घ्यावा, आरंभीची योजना त्याच्याकडून ठरवून घ्यावी व शस्त्रवैद्यास दोन ओळींचे पत्र लिहावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. रुग्ण त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जाईल. आपल्याकडे तो एरवीही येतच असतो. व्यायाम रोज होतो की नाही, हे पाहण्यास आपल्याइतकी जवळची व्यक्ती दुसरी नाही.

औषधालयाच्या चालकांसाठी

औषधविक्रेते बंधूंनाही आमची विनंती आहे. दुखावलेला गुडघा घेऊन येणारा कामगार पुष्कळदा वैद्याआधी आपल्या काउंटरवर उभा राहतो. त्यास पट्टा विकताना तो दिवसभर बांधून ठेवावयाचा नाही, एवढे तरी सांगावे. पट्ट्याने मांडीस बळ येत नाही. ‘सात दिवसांत सांधेदुखी गायब’ अशा निनावी पुड्या दुकानात ठेवू नयेत. त्यांत स्टेरॉइड व वेदनाशामके मिसळलेली आढळतात, हे आपणास आमच्याइतकेच ठाऊक आहे. शस्त्रकर्माच्या उंबरठ्यावरील रुग्णाच्या जखमेच्या भरण्यावर व जंतुसंसर्गावर त्याचा परिणाम होतो, आणि दोष मात्र सर्व आयुर्वेदाच्या माथी येतो. गुग्गुळ, लसूण यांचे कल्प घेणाऱ्या रुग्णाने त्यांची नावे भूलतज्ज्ञास सांगितलीच पाहिजेत व ते सांगतील तेव्हा थांबवली पाहिजेत. ही सूचना बिलावर लिहून देण्यास एक ओळ पुरते.

कामगाराची बाजू

अखेर हा प्रश्न गुडघ्याएवढा मर्यादित नाही. कारकुनाचा गुडघा नव्वद टक्के बरा झाला तर त्याचे काम चालते. हमालाचे, गवंड्याचे, यंत्रमागावर दहा-बारा तास उभे राहणाऱ्याचे चालत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत कामावरील इजेची भरपाई हा कामगाराचा हक्क मानला गेला आहे. महाराष्ट्राने तर १९६९ सालीच माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्यांची नोंद आहे, त्यांना या तरतुदींचा आधार मिळतो. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर, ठेकेदाराचा कामगार, यांना घरी बसलेला प्रत्येक आठवडा उधारीत काढावा लागतो. अशा माणसास ‘सहा आठवडे पूर्ण विश्रांती’ असे लिहून देताना, आपण त्याचे दिवस खर्ची घालत आहोत याचे भान असावे. प्रमाणपत्रात विश्रांतीबरोबरच कोणते काम करता येईल व कोणते टाळावे, हेही लिहिता येते. अपघाताची नोंद मालकाकडे झाली आहे का, हे विचारता येते. त्यास पैसे पडत नाहीत.

व्यायाम शिकवण्यास वेळ लागतो आणि त्याचे मोल रुग्ण सहसा देत नाही. तेलाच्या बाटलीचे देतो. ही व्यावहारिक अडचण आम्ही नाकारत नाही. त्यावर उपाय एवढाच, की आपण आपल्या सल्ल्याचे व देखरेखीचे शुल्क उघडपणे घ्यावे आणि ते बाटलीच्या किमतीत लपवू नये. मार्गदर्शनास मोल आहे असे वैद्यानेच मानले नाही, तर रुग्णाने का मानावे?

आपल्या संघटनेने या विषयात एक लहानसे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने एक शस्त्रवैद्य व एक फिजिओथेरपिस्ट यांना बोलावून अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे, आणि वर सांगितलेल्या मोजमापांचा एक पानी तक्ता छापून सभासदांना द्यावा. वर्षभर भरलेले असे तक्ते एकत्र केले, तर आपल्या रुग्णांविषयी आपल्याच नोंदींच्या आधारे बोलण्याची सोय होईल. आज ती नाही, आणि म्हणूनच ‘ऑपरेशन टळेल का’ या प्रश्नाला आपण अंदाजाने उत्तर देतो. तोपर्यंत निदान प्रत्येकाने येत्या पंधरवड्यात आपल्याकडे येणाऱ्या अशा पहिल्या रुग्णाच्या गुडघ्याखालची उशी काढावी, फीत घेऊन मांडीचा घेर मोजावा, आणि तो आकडा केसपेपरवर लिहून ठेवावा.